उजवा कौल

मोहम्मद बिन झायद सिटी ही वस्ती अबूधाबीच्या मूळ बेटावर नाही. खाडीवरचा पूल ओलांडून आत, मुसाफ्याच्या कारखान्यांना खेटून ती वसलेली आहे, आणि या खेटून असण्यामुळेच, पत्रे वळवणे, नळ जोडणे, यंत्रे दुरुस्त करणे आणि या सर्वांचे हिशेब लिहिणे अशा उद्योगांत आयुष्य घालवणाऱ्या आमच्यासारख्यांची बिऱ्हाडे बहुधा तिच्या शाबिया नामक भागातल्या इमारतींत असतात. सायंकाळी कंपन्यांच्या बसगाड्या माणसे उतरवून जातात, मशिदींतून मगरिबची अजान होते, आणि त्यानंतरचा तासभर प्रत्येक मजल्यावरून कांदा परतल्याचा वास येत राहतो. अशाच एका शुक्रवारी, याच वेळेस, खालच्या मजल्यावरचा एक तरुण दोन कागद घेऊन माझ्याकडे आला. एक होता त्याच्या चालू नोकरीचा करारनामा; दुसरे, त्याच धंद्यातल्या आणि मुसाफ्यातच चार गल्ल्या पलीकडे असलेल्या प्रतिस्पर्धी कंपनीने देऊ केलेल्या जागेचे पत्र. दोन्ही त्याने टेबलावर शेजारी शेजारी मांडले, पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर मिठाची बरणी ठेवली आणि म्हणाला, "काका, आईने गावी देवीला कौल लावलाय. उजवा मिळाला. तरी एकदा तुम्हाला विचारावं म्हटलं."

मी विचारले, "पहिल्याच खेपेला?"

तो हसला, आणि आईचा निरोप त्याने तिच्याच शब्दांत ऐकवला: "झिला, तिसऱ्या खेपेक उजवो गावलो."

वातानुकूलनाचे डक्ट बनवणाऱ्या कारखान्यात तो एस्टिमेटर आहे. म्हणजे नकाशा पाहून पत्रा किती लागेल, मजुरी किती पडेल आणि टेंडरमध्ये भाव काय भरावा हे ठरवणे त्याच्याकडे असते. नऊ वर्षे झाली. मूळ वेतन दरमहा ६,००० दिरहम. नवे पत्र ८,५०० चे. एवढ्यावरच प्रश्न संपता, तर तो माझ्याकडे आला नसता, कारण वजाबाकी त्याला माझ्यापेक्षा चांगली येते. पण २०२० साली, कामे बंद पडून आजूबाजूचे कारखाने माणसे घरी धाडीत असता, याच्या धन्याने याला काढले नव्हते. दोन महिने अर्धा पगार दिला आणि पुढे, कोणी मागितला नसता, उरलेला अर्धाही चुकता केला. आता त्याच धन्याच्या विरुद्ध टेंडर भरणाऱ्याच्या दारी जाऊन बसणे हे पाप की व्यवहार, हा त्याचा खरा प्रश्न होता. आणि पापपुण्याचा निवाडा हिशेबाच्या वहीत होत नाही म्हणूनच तो कोकणातल्या एका गाभाऱ्यात, ओल्या पाकळ्यांच्या रूपाने, देवीच्या अंगावर चिकटवण्यात आला होता.

कौल या शब्दाचा प्रवास मोठा विलक्षण आहे. मूळ शब्द अरबी. अर्थ, उच्चारलेले वचन. फारसी दफ्तरांतून तो आपल्याकडे आला आणि शिवशाहीच्या व पेशवाईच्या कागदपत्रांत कौलनामा होऊन स्थिरावला: पडीत जमीन लागवडीस आणू पाहणाऱ्या रयतेला सरकार अभय देई, पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे वर्षागणिक चढता, अशा इस्ताव्याच्या शर्ती लिहून देई, आणि त्या मुदतीत तिला कोणी उपद्रव करणार नाही असा शब्द देई. दिवाणाने दिलेल्या वचनाचा हा शब्द कोकणातल्या देवळांत शिरला आणि देवाच्या उत्तराचे नाव होऊन बसला. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आता तोच शब्द, चारशे वर्षांचा फेरा पुरा करून, अरबी बोलणाऱ्यांच्या मुलखात माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडला होता, आणि मला राहून राहून वाटत होते की या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पाकळीत असो वा नसो, या शब्दाच्या पोटात मात्र ते आहे.

कारण कौल दिला जातो तो मुदतीचा. पेशवाईतल्या गावगाड्यात रयत दोन प्रकारची असे. एक मिरासदार: त्याची जमीन वंशपरंपरेची, सारा भरीत असेतो त्याला कोणी हलवू शकत नसे, आणि तोही सहसा हलत नसे, कारण गावातल्या मानपानात त्याचा वाटा असे. दुसरा उपरी: तो कौल घेऊन आलेला, मुदत सरली की अधिक चांगल्या शर्ती देणाऱ्या शेजारच्या गावी जाण्यास मोकळा. जमीन मुबलक आणि कसणारे हात थोडे, अशा त्या काळात गावोगावचे पाटील उपऱ्यांना आपल्याकडे वळवण्याची खटपट करीत, आणि मुदत पुरी करून गेलेल्या उपऱ्याला कृतघ्न म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. आखातात येऊन मिरासदार झालेला माणूस मी इतक्या वर्षांत पाहिला नाही. येथे आपण सारे उपरी. व्हिसा मुदतीचा, करार मुदतीचा, घरभाड्याची पावती मुदतीची. मग निष्ठा तेवढी बेमुदत कोठून आली? धनी ज्या नात्याला कुटुंब म्हणतो ते मंदीच्या पहिल्या पत्राबरोबर आस्थापना होते, आणि चाकर मात्र त्या शब्दाला वर्षानुवर्षे भुलत राहतो. (हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. एकाच खुर्चीवर सत्तावीस वर्षे बसलो, आणि त्यातली निदान दहा तरी केवळ संकोचापायी.)

येथल्या कायद्यानेही हा उपरेपणा अलीकडे स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. १९८० च्या जुन्या कामगार कायद्यात, बेमुदत करारावरचा माणूस आपण होऊन राजीनामा देई तेव्हा त्याच्या सेवासमाप्तीच्या रकमेला कात्री लागे: एक ते तीन वर्षे झाली असता तिसरा हिस्सा, तीन ते पाच झाली असता दोन तृतीयांश, आणि पाचांच्या पुढे ती पुरी. २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आलेल्या, २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याने बेमुदत करारच रद्द केले आणि ही कात्रीही काढून टाकली. पहिल्या पाच वर्षांना दरसाल एकवीस दिवसांचे मूळ वेतन, पुढच्या प्रत्येक वर्षाला तीस दिवसांचे. माणूस स्वतः गेला की काढला गेला याने फरक पडत नाही. त्या संध्याकाळी आम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडणी केली: दिवसाचे २०० दिरहम, पहिल्या पाचांचे २१,०००, पुढल्या चारांचे २४,०००, एकूण ४५,०००. नोटीस तीस ते नव्वद दिवसांच्या दरम्यान करारात असेल तेवढी. याच्या करारात साठ. शिवाय, धन्याची गुपिते ज्याला कामामुळे ठाऊक होतात अशा चाकराने प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये अशी अट करारात घालता येते; पण ती अधिकात अधिक दोन वर्षांची, आणि स्थळ, काळ व कामाचे स्वरूप यांची मर्यादा घातलेली हवी. याच्या करारात ती अट नव्हती. दिवाणी कौल असा सरळ उजवा होता.

तथापि कायद्याने मोकळा असलेला माणूस धर्माने मोकळा असतोच असे नाही, आणि आपल्याकडे तर या बाबतीत गीतेचा आधार घेऊन माणसाला खुर्चीला बांधून टाकण्याची जुनी सवय आहे. स्वधर्म कसाही असला तरी परधर्माहून बरा, हा विचार गीतेत तिसऱ्या अध्यायात एकदा आणि अठराव्यात पुन्हा एकदा आला आहे. तो मुळात वर्णाश्रमाच्या चौकटीत सांगितला गेला हे विसरून, किंवा सोयीने बाजूला ठेवून, 'आहे तेथेच रहा' असा त्याचा अर्थ व्यवस्थापक मंडळी करतात. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात जी प्रवचने दिली त्यांत स्वधर्माला आईची उपमा दिली आहे: आई आपण निवडत नाही, ती लाभते. उपमा सुंदर आहे. पण ती स्वधर्माला दिलेली आहे, मालकाला नव्हे. या मुलाचा स्वधर्म कोणता म्हणाल तर पत्र्याचा अंदाज खरा करणे, मजुराच्या श्रमाचा भाव खोटा न धरणे, आणि घरी असलेल्या आईला व मुलीला पोसणे. यांतले काहीही त्या एका कारखान्याच्या फाटकाला बांधलेले नाही.

आणि ज्या गीतेने अर्जुनाला रथातून उतरू दिले नाही, तिच्या पाठोपाठ काय घडते हे आपण सहसा वाचत नाही. गीतेचा अठरावा अध्याय संपतो, आणि भीष्मपर्वाच्या लगेच पुढच्या अध्यायात युधिष्ठिर कवच उतरवून, शस्त्रे टाकून, पायी कौरवांच्या सेनेत शिरतो. तो भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य या चौघांकडे जाऊन आशीर्वाद मागतो, आणि ते चौघेही आशीर्वाद देताना एकच खंत व्यक्त करतात: कौरवांच्या द्रव्याने आपण बांधले गेलो आहो, तेव्हा त्यांच्या बाजूने लढण्यावाचून गत्यंतर नाही, एवढे सोडून काय हवे ते माग. महाभारतकाराने किती निष्ठुर सत्य किती सौम्यपणे सांगितले आहे! हे चौघे काही पोटार्थी कारकून नव्हते. तरीही खाल्ल्या मिठाचे ओझे इतके की, न्याय पलीकडे आहे हे तोंडाने कबूल करूनही पाय अलीकडेच रोवलेले.

मग युधिष्ठिर दोन्ही सेनांच्या मध्ये उभा राहून मोठ्याने विचारतो, की आमच्याकडे येऊ इच्छिणारा कोणी असेल तर त्याने यावे. आणि एकजण येतो. धृतराष्ट्राचाच, पण वैश्य स्त्रीच्या पोटी झालेला पुत्र, युयुत्सु. पहिला बाण सुटण्यापूर्वी, दिवसाउजेडी, भावांच्या डोळ्यांदेखत तो ती मधली भूमी ओलांडतो. महाभारताने त्याला घरभेदी म्हटलेले नाही. उलट, युद्ध संपून दुर्योधनाच्या शिबिरात हाहाकार उडाला तेव्हा तिथल्या राजस्त्रियांना सुखरूप हस्तिनापुरास पोचवण्याचे काम, पांडवांची अनुज्ञा घेऊन, यानेच केले; आणि छत्तीस वर्षांनी पांडव महाप्रस्थानास निघाले तेव्हा राज्याची देखरेख याच्यावरच सोपवून गेले. भीमाला विष घातले गेल्याची बातमी पूर्वी यानेच फोडली होती हे खरे. परंतु जेथे कोणाचा प्राण जात आहे तेथली बातमी आणि टेंडरचा भाव यांना एका तागडीत घालणे मला जमत नाही.

खरी भीती वाटावी ती शल्याची. तो नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. निघाला होता पांडवांच्या साह्याला. वाटेत ठिकठिकाणी मंडप उभारलेले, खाण्यापिण्याची चंगळ, सेवकांची अदब. ही व्यवस्था भाच्यांनी केली असे समजून तो प्रसन्न झाला आणि जो कोणी यजमान असेल त्याला वर देऊन मोकळा झाला; यजमान निघाला दुर्योधन. एका मेजवानीत शब्द गेला आणि माणूसही गेला. येथवर तो केवळ दुर्दैवी. पण पुढे युधिष्ठिराला भेटून त्याने कबूल केले की, मी कर्णाचा सारथी होईन तेव्हा त्याचा तेजोभंग करीन. आणि सतराव्या दिवशी, लगाम हाती असताना, कर्णाला टोचून टोचून त्याने ते केलेही. पगार एकीकडचा आणि मन दुसरीकडचे! मुसाफ्यात, आणि मुसाफ्यातच कशाला, पुण्यात आणि ठाण्यातही, सोडून गेलेल्यांना नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. पण न जाता, दरमहा तनखा उचलून, पुढच्या जागेचा विचार करीत निम्म्या मनाने सारथ्य करणाऱ्या शल्यांची गणती कोणी करीत नाही. माझे मत विचाराल तर युयुत्सूला दोष नाही. दोष शल्याला आहे, आणि भीष्माच्या वाट्याला फक्त दुःख.

हे सारे त्या मुलाला सांगून झाल्यावर तो म्हणाला, "पण काका, दोन महिन्यांचा तो अर्धा पगार?"

हा प्रश्न चांगला होता, आणि त्याला पुराणातली गोष्ट पुरत नाही. करारात लिहिलेल्या गोष्टींची फेड करारानेच होते: काम दिले, वेतन घेतले, मीठ महिन्याच्या महिन्याला वळते झाले. मालकाने करारापलीकडे जे केले त्याची फेड मात्र कोणत्याही कलमात बसत नाही, आणि म्हणूनच ते ऋण आहे. माणसे येथे दोन प्रकारांनी चुकतात. एक म्हणतो, त्याने स्वतःच्या फायद्यासाठीच मला ठेवले होते. हा ऋण नाकारण्याचा सोपा मार्ग. दुसरा म्हणतो, आता मी जन्मभर याचा. हा ऋणाला गुलामगिरीचे रूप देण्याचा मार्ग, आणि उपकार करणाऱ्याचाही तो एक प्रकारे अपमानच, कारण त्याने दान केले होते, खरेदी केली नव्हती. माझ्या मते अशा ऋणाची फेड राहण्याने होत नसते. जाण्याच्या रीतीने होते. धन्याला ही वार्ता बाजारातून कळता कामा नये, तुझ्या तोंडून कळली पाहिजे. हातातले टेंडर अर्धवट टाकता कामा नये. तुझ्या जागी येणाऱ्याला तुला येते ते शिकवले पाहिजे. आणि भावांची वही तेथेच राहिली पाहिजे.

त्या वहीबद्दल मी मुद्दाम विचारले. कोणत्या गिऱ्हाइकाला किती सूट, कोणता पुरवठादार कोणत्या भावाने पत्रा देतो, मागच्या तीन टेंडरांत आपण किती फरकाने हरलो, हे सारे एका फाइलीत असते, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला दीड मिनिट लागते. नव्या कंपनीने तसे काही मागितले होते काय? त्याने थोडा वेळ टेबलाकडे पाहिले. उघड मागितले नव्हते. पण मुलाखतीत, चहा आल्यावर, 'तुमच्याकडे सध्या कोणाची कामे आहेत' असे सहज विचारले होते. शल्यालाही मंडपात असेच सहज बसवले असेल.

शिवाजीमहाराजांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असा भेद असे: शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचे स्वतःचे, बारगिराचा घोडा सरकारी पागेचा. दोघेही चाकरीच करीत. पण चाकरी सुटली की शिलेदार घोड्यावर बसून जाई आणि बारगीर पायी. नऊ वर्षांत नकाशा वाचण्याची जी नजर आली ती याचा स्वतःचा घोडा. तो येथेच बांधून जा म्हणण्याचा अधिकार कोणाही धन्याला नाही. भावांची फाइल हा पागेतला घोडा. तो पळवून नेणाऱ्याला जुन्या भाषेत काय म्हणत ते सांगण्याची गरज नाही. अडचण एवढीच की, फाइल मागे ठेवली तरी त्यातले निम्मे आकडे डोक्यात राहतातच, आणि डोके मागे ठेवता येत नाही. येथे कायदा थकतो. उद्या जुन्या धन्याच्या विरुद्ध पहिले टेंडर भरताना तो आकडा आठवेल, तेव्हा काय करायचे ते एकट्यानेच ठरवावे लागेल. एवढे मात्र मी त्याला सुचवले, की पहिले वर्षभर त्या चारपाच गिऱ्हाइकांची कामे माझ्याकडे देऊ नका, असे नव्या मालकाला रुजू होण्यापूर्वीच सांगून टाक. तो नाही म्हणाला, तर त्याला पत्र्याचा अंदाज नको होता, फाइल हवी होती, हे तुला आधीच कळेल.

आमचे बोलणे चालले असता वरच्या मजल्यावरचे रत्नागिरीकडचे एक वयस्क गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो, दह्याचे भांडे परत करायला आले आणि दारातच थबकले. तिसऱ्या खेपेची हकिगत ऐकून ते मनापासून हसले. म्हणाले, "आमच्यातही इस्तिखारा करतात. दोन रकात नमाज पढायची, आणि जे भलं असेल ते घडू दे म्हणून दुआ मागायची. पण पुष्कळांना वाटतं, आता रात्री स्वप्नात हिरवं दिसेल की लाल. तसं नसतं ते. मागायचं, जाणत्यांना विचारायचं, आणि मग आपणच पाऊल टाकायचं." भाईंनी शब्द उच्चारला नाही, पण डावी पाकळी दोनदा पडूनही तिसऱ्यांदा गाऱ्हाणे घालायला लावणाऱ्या त्या माउलीने नेमके तेच केले होते असे मला वाटते: तिचे पाऊल पडून चुकले होते, आणि देवीने त्याला फक्त वाट करून दिली. गुरवालाही हे माहीत असते. ओली पाकळी सुकू लागली की पडतेच. कोणती आधी पडेल हे पाण्याच्या थेंबावर अवलंबून. देव खोटा ठरत नाही. आपण विचारलेला प्रश्न तेवढा अपुरा असतो. 'जाऊ की नको' याला दोन पाकळ्या पुरतात. 'कसा जाऊ' याला गाभाऱ्यात पाकळी नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी तो धन्याच्या खोलीत गेला आणि कागद पुढे ठेवण्याआधी तोंडाने सांगितले. धनी काही वेळ गप्प राहिला. मग एवढेच म्हणाला की, जागेवर माणूस तयार करून जा. नव्या कंपनीने वर्षभराची अट, थोडी कुरकुर करून, मान्य केली आहे. नोटिशीचे साठ दिवस. आज त्यातला एकेचाळिसावा, आणि काल रात्री साडेनवापर्यंत तो कचेरीत बसून केरळातल्या एका नव्या पोराला जाड पत्रा कोठे आणि पातळ कोठे हे समजावीत होता. देवीची ओटी केव्हा भरायची असे आईने फोनवर विचारले. शेवटचा हिशेब हाती आल्यावर, असे त्याने कळवले आहे.